दोन ठिपक्यांच्या मधला तंबोरा

घरातली ध्वनियंत्रणा पारखायची असेल तर तिच्यावर आधी तंबोरा लावावा. गाणं नको, नुसता तंबोरा. काळी एकच्या पट्टीत जुळवलेल्या तंबोऱ्याची खर्जाची तार सेकंदाला साधारण ६९ वेळा कंप पावते. घोडीवर तारेखाली सरकवलेल्या त्या एवढ्याशा दोऱ्यामुळे तार घोडीच्या उतरत्या पाठीला घासत राहते, जवारी उमलते, आणि खर्जाच्या पोटातून पंचम, स्वयंभू गंधार, त्याहून वरचे कितीतरी स्वर एकामागून एक वर येत राहतात. कलकत्त्यात असताना सी. व्ही. रामन यांनी १९२१ साली या नवलावर निबंध लिहिला. तार ज्या जागी छेडली जाते ती जागा ज्या उपस्वरांमध्ये स्थिर राहायला हवी, ते उपस्वर त्या छेडण्यातून निघत नाहीत, असा युरोपात मान्य झालेला नियम होता. तंबोऱ्याची तार तर जवळपास मधोमध छेडतात. म्हणजे निम्मे उपस्वर गायब असायला हवेत. तंबोऱ्यात ते लख्ख हजर असतात.

यंत्रणेच्या दृष्टीने ही परीक्षा कडक आहे. खर्ज नीट ऐकू यायला स्पीकर आणि खोली दोन्ही धड लागतात, आणि जवारीची ती किणकिण कित्येक हजार हर्ट्झपर्यंत जात असल्याने मध्ये कुणी काही गाळलं की ती आधी मरते. आता विचार करा, हा सगळा नाद आज आपल्या घरात येतो तो निव्वळ आकड्यांच्या रांगेतून. हवेच्या दाबाची सेकंदाला ४४,१०० मोजमापं, डाव्या कानासाठी वेगळी, उजव्यासाठी वेगळी. मोजमापांच्या मधल्या काळात काय झालं याची कुठेही नोंद नाही.

इथे पुष्कळांच्या मनात शंका येते आणि ती रास्तच आहे. मधला नाद हरवला असणार! मग सेकंदाला ९६,००० किंवा १,९२,००० मोजमापं असलेली फाइल घेतली तर हरवलेलं परत मिळेल. ध्वनियंत्रणा सुधारायला निघालेल्या माणसाचे पहिले पैसे बहुधा या शंकेपायी जातात.

ठिपक्यांच्या रांगोळीत तेच ठिपके घेऊन दहा जणी दहा वेगळ्या रांगोळ्या काढतात. ध्वनीच्या मोजमापांच्या ठिपक्यांना मात्र ती मुभा नाही. हॅरी नायक्विस्टनी १९२८ मध्ये तारायंत्राचा अभ्यास करताना ज्याची चाहूल घेतली, रशियात व्लादिमिर कोतेल्निकोव्हनी १९३३ मध्ये आणि अमेरिकेत क्लॉड शॅननी १९४९ मध्ये जे गणिताने मांडलं, ते असं: ध्वनीतल्या सर्वांत बारीक कंपनाच्या दुपटीहून अधिक वेळा मोजमाप घेतलं असेल, तर त्या सगळ्या ठिपक्यांतून जाणारी आणि तेवढ्याच कंपनांची बनलेली रेघ एकच असते. दुसरी काढताच येत नाही. मधला आकार कुणी अंदाजाने भरत नाही, तो त्या ठिपक्यांनी आधीच पक्का केलेला असतो. लहान मुलाचा कान फार तर २०,००० हर्ट्झपर्यंत ऐकतो. पन्नाशी ओलांडलेल्या अनेकांना १२-१४ हजारांच्या वरचं ऐकू येत नाही. ४४,१०० ठिपके २२,०५० हर्ट्झपर्यंतचं सगळं पकडतात. मला हा सिद्धांत गणितातल्या सर्वांत औदार्यपूर्ण गोष्टींपैकी एक वाटतो. थोडं मोजा आणि सगळं घ्या, असं सांगणारं शास्त्र फारसं कुठे भेटत नाही.

आणि ४४,१००च का? सत्तरच्या दशकाच्या अखेरीस तासभराचा डिजिटल ध्वनी, म्हणजे सहाशेहून अधिक मेगाबाइट, साठवायला परवडणारी एकच जागा होती: व्हिडिओ टेप. आकडे काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांचं चित्र करून त्या टेपवर उतरवत. अमेरिका-जपानच्या टीव्हीच्या पद्धतीत सेकंदाला ६० चित्रक्षेत्रं, प्रत्येकात वापरता येतील अशा २४५ रेषा, रेषेवर ३ मोजमापं. गुणाकार करून पाहा: ४४,१००. युरोपात सेकंदाला ५० क्षेत्रं, २९४ रेषा, पुन्हा ३ मोजमापं. तोही गुणाकार ४४,१००. (आपल्या दूरदर्शनचीही पद्धत या ५० क्षेत्रांचीच.) दोन्ही जगांना एकाच वेळी चालेल असा आकडा सापडला, आणि १ ऑक्टोबर १९८२ रोजी जपानमध्ये सोनीचा पहिला सीडी प्लेअर दुकानात आला तेव्हा तो तबकडीवर कायमचा कोरला गेला.

दुसरा आकडा १६ बिटांचा. प्रत्येक ठिपक्याची उंची ६५,५३६ पायऱ्यांपैकी एखाद्या पायरीवर बसवायची. सर्वांत मंद आणि सर्वांत मोठ्या आवाजात त्यामुळे सुमारे ९६ डेसिबलचं अंतर मिळतं. शहरातली रात्रीची शांत खोलीसुद्धा ३० डेसिबलच्या आसपास सळसळत असते. त्यात ९६ मिळवले की आपण कान दुखायला लागतात तिथे पोचतो. पण एक प्रश्न उरतोच. तान संपून स्वर विरत विरत शेवटच्या पायरीहूनही खाली गेला तर? तो शून्यावर गोल होऊन तुटायला हवा. यावरचा उपाय इतका उलटा आहे की प्रथम ऐकताना पटत नाही: मुद्दाम थोडी खरखर मिसळायची. ती खरखर आकड्याला सतत पायरीच्या खाली-वर हलवत राहते, आणि अर्ध्या पायरीहून लहान असलेला स्वर त्या हलण्याला किंचित वर किंवा किंचित खाली कलवतो. कानाला तो कल कळतो. अगदी हलक्या, एकसारख्या सळसळीतून स्वर शेवटपर्यंत अखंड विरत जातो. याला डिदर म्हणतात, आणि ध्वनिमुद्रण १६ बिटांवर आणताना अगदी शेवटी तो घातला जातो. मुद्रण करणाऱ्याला २४ बिट हवेतच, कारण गायक किती चढणार हे त्याला आधी माहीत नसतं. ऐकणाऱ्याला १६ पुरतात.

हे कुणी तपासलं का? बॉस्टनच्या ब्रॅड मेयर आणि डेव्हिड मोरन यांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात जास्त बिटांचा ध्वनी एकदा सरळ आणि एकदा १६ बिट-४४,१००च्या वाटेने फिरवून ऐकवला, कुठला कुठला हे न सांगता. ५५४ वेळा विचारलं, २७६ वेळा उत्तर बरोबर आलं. नाणं उडवलं असतं तरी तेवढंच आलं असतं. २०१६ मध्ये जोशुआ राइस यांनी असे पुष्कळ प्रयोग एकत्र करून पाहिले तेव्हा बरोबर उत्तरांचं प्रमाण ५२ टक्क्यांच्या थोडं वर भरलं. म्हणजे फरक असेलच तर तो एवढा. जुन्या ७८ फेऱ्यांच्या तबकडीवरून केलेली १९२ किलोहर्ट्झची फाइल विकत घेणाऱ्याला तर मी एवढंच सांगेन की आडातच नाही ते पोहऱ्यात येणार नाही.

आकड्यांचा पुन्हा विद्युतप्रवाह करणारं उपकरण म्हणजे डॅक. याचीही कथा तितकीच विलक्षण. आतल्या चिपला ६५,५३६ वेगवेगळ्या पायऱ्या अचूक बनवाव्या लागत असतील असं वाटतं. पण टोकियो विद्यापीठात १९६२ मध्ये हिरोशी इनोसे आणि यासुहिको यासुदा यांनी मांडलेल्या कल्पनेवर चालणाऱ्या आजच्या बहुतेक चिपा मोजक्याच पायऱ्या वापरतात, काही तर फक्त दोन: चालू आणि बंद. मात्र त्या चिपा सेकंदाला लाखो वेळा पायरी बदलतात, आणि दर वेळची चूक पुढच्या वेळी वसूल करतात. त्यातून निपजणारी सगळी खरखर कानाच्या टप्प्यापलीकडे, वरच्या कंपनांत ढकलली जाते आणि तिथे गाळून टाकता येते. परिणाम असा की काही हजार रुपयांत मिळणाऱ्या बोटभर डॅकची विकृती आज टक्क्याच्या शंभराव्या, कधी हजाराव्या भागाइतकी असते. लॅपटॉपच्या हेडफोनच्या भोकातून सळसळ ऐकू येत असेल तर असा एक डॅक जरूर घ्यावा. त्याच्या पुढे या विभागात पैसे ओतण्याचं कारण मला दिसत नाही. चार्जर लावला की स्पीकरमधून घूं असा आवाज येतो आणि काढला की थांबतो, ही वेगळी व्याधी आहे. ते आपल्या विजेचे ५० हर्ट्झ, अर्थिंगच्या वळशातून आत शिरलेले. मध्ये प्रकाशावर चालणारी ऑप्टिकल केबल घातली की वळसा तुटतो.

डॅकच्या आधी मात्र एक जागा आहे जिथे खरोखर काही हरवतं. सीडीचा प्रवाह सेकंदाला १,४११ किलोबिट. एमपी३ त्यातले १२८ ठेवते तेव्हा मोठ्या स्वराच्या आड झाकला जाणारा लहान स्वर ती टाकून देते, आणि ते काम ती थक्क करणाऱ्या हुशारीने करते. जर्मनीत कार्लहाइन्झ ब्रँडेनबुर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ही पद्धत घासूनपुसून घेतली ती सुझान व्हेगाच्या ‘टॉम्स डायनर’ या विनासाथीच्या गाण्यावर, कारण एकट्या उघड्या मानवी आवाजाच्या आड काहीच लपवता येत नाही. जी वाद्यं अचानक, तीक्ष्ण सुरू होतात त्यांच्यावर ही पद्धत अडखळते: ठोक्याची चूक ठोक्याच्या आधीच्या शांततेत सांडते. तबल्याच्या चाटीवरचा ‘ना’ किंचित मऊ, किंचित धुरकट येतो तो यामुळे. २५६ किंवा ३२० किलोबिटांना हा दोष शोधणंही कठीण होतं, आणि फ्लॅकसारख्या पद्धतीत एकही बिट न गमावता फाइल साधारण निम्मी होते. म्हणून काही खरेदी करण्याआधी गाण्याच्या अॅपची सेटिंग उघडून दर्जाचा पर्याय सर्वांत वर आहे का ते पाहावं. ब्लूटूथ वापरलं तर फ्लॅकसुद्धा वाटेत पुन्हा दाबलं जातं. घरात जिथे तार टाकणं शक्य आहे तिथे तार टाकावी.

इथवर सगळं गणित होतं आणि गणित जिंकलेलं होतं. आता कागदी शंकू हलवायचाय.

स्पीकरची मूळ रचना चेस्टर राइस आणि एडवर्ड केलॉग यांनी १९२५ मध्ये मांडली: चुंबकाच्या फटीत तारेचं वेटोळं, त्याला चिकटवलेला शंकू. शंभर वर्षांत साहित्य बदललं, तत्त्व तेच. आणि अडचणही तीच. आवाज तेवढाच ठेवून स्वर एक सप्तक खाली आणायचा तर शंकूला चौपट पुढेमागे जावं लागतं. चार इंची शंकू खर्जात धापा टाकू लागतो, आणि तिथे विकृती सहज एक टक्क्यावर जाते, म्हणजे डॅकच्या शंभरपट किंवा त्याहून जास्त. पैसे जिथे ऐकू येतात ती जागा ही. कॅनडात ओटावाच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेत फ्लॉइड टूल यांनी सत्तर-ऐंशीच्या दशकांत पडद्याआड स्पीकर ठेवून लोकांना ऐकवले. पडदा असताना लोकांची पसंती आश्चर्य वाटावं इतकी जुळली: जो स्पीकर सगळे स्वर सारख्या वजनाने देतो, आणि समोरून जसा तसाच बाजूनेही ऐकू येतो, तो. पुढे टूल आणि शॉन ऑलिव्ह यांनी पडदा काढूनही तोच प्रयोग केला, तर किंमत, आकार, नाव दिसताच मतं फिरली. कान चांगले होते, डोळ्यांनी त्यांना फितवलं.

बाजूने कसा ऐकू येतो याला इतकं महत्त्व का? कारण घरात आपल्या कानावर येणारा बराचसा आवाज सरळ स्पीकरकडून येतच नाही. तो भिंती, फरशी, छत यांवरून फिरून येतो. खोली हाच यंत्रणेतला सर्वांत मोठा भाग आहे आणि तो कुणी विकत घ्यायला जात नाही.

हार्वर्डमध्ये १८९५ साली वॉलेस सेबाइन नावाच्या तरुण प्राध्यापकाकडे एक बिघडलेलं व्याख्यानगृह सोपवलं गेलं. तिथे उच्चारलेला शब्द साडेपाच सेकंद रेंगाळायचा. वक्त्याचे पुढचे कितीतरी शब्द त्याच्यावर येऊन पडायचे. सेबाइन मध्यरात्रीनंतर, रस्त्यावरच्या ट्राम थांबल्या की, जवळच्या सँडर्स थिएटरच्या खुर्च्यांवरच्या गाद्या आणून त्या सभागृहात पसरत. ऑर्गनची एक नळी वाजवून बंद करत आणि आवाज विरायला लागणारा वेळ मोजत. सकाळी गाद्या परत नेऊन ठेवत. गाद्या वाढल्या की वेळ घटत गेला, आणि एक साधं सूत्र हाती आलं: रेंगाळण्याचा काळ खोलीच्या घनफळाबरोबर वाढतो, आणि तिच्यातल्या शोषणाने भागला जातो. शोषणाचं त्यांचं एककही सुंदर. उघडी खिडकी. तिच्यातून गेलेला आवाज परत येत नाही.

हेच सूत्र आपल्या १० बाय १२च्या खोलीला लावू. उंची १० फूट धरली तर घनफळ ३४ घनमीटर. गुळगुळीत टाइल्स, सिमेंटच्या भिंती, रिकामी खोली: सगळं मिळून तीनेक चौरस मीटर उघड्या खिडकीइतकं शोषण. आवाज पावणेदोन सेकंद रेंगाळेल. द्रुत तान तिथे लगदा होते, मग स्पीकर कितीही लाखांचा असो. आता खाली सतरंजी, एका बाजूला कापसाची गादी, खिडकीला जाड पडदा, पुस्तकांनी भरलेलं कपाट आणि दोन माणसं. शोषण १०-११ वर जातं आणि काळ अर्ध्या सेकंदावर येतो. तान मोत्यांसारखी सुटी होते. आजीच्या हातची गोधडी भिंतीवर टांगली तर ती महागड्या फोमच्या तक्त्यांच्या तोडीस तोड काम करते. फक्त भिंतीला चिकटवू नये, मागे चार इंच मोकळे सोडावेत, म्हणजे ती आणखी खालच्या स्वरांपर्यंत पोचते. कुठे टांगायची हे कळायला एकाने ऐकण्याच्या जागी बसावं आणि दुसऱ्याने बाजूच्या भिंतीवरून आरसा सरकवत न्यावा. आरशात जिथे स्पीकर दिसेल तिथूनच पहिला परावर्तित आवाज कानावर येतो. सगळ्याच भिंती झाकण्याचा मोह टाळावा, नाहीतर वरचे स्वर मरतात, खालचे तसेच राहतात आणि खोली गुदमरते.

खालचे स्वर तसेच राहतात कारण ते मुळातच अवाढव्य आहेत. ५० हर्ट्झच्या एका लाटेची लांबी जवळपास ७ मीटर. तिच्यापुढे गोधडीची जाडी काहीच नाही. ही लाट दोन भिंतींच्या मध्ये उभी राहते. १२ फुटांच्या अंतरात ४७ हर्ट्झला, १० फुटांच्या अंतरात ५६ला. खोलीची रुंदी आणि उंची दोन्ही १० फूट असतील तर ५६वर दोघी एकत्र येतात. शिवाय लांबी-रुंदीच्या तिरक्या वाटेने ७३ला, लांबीतच दुसऱ्यांदा ९४ला. आता डग्ग्यावर मनगट दाबत तबलजी मींड काढतो ती ऐका. ती यांतल्या काही आकड्यांवरून सरकते, आणि खोली तिला एका ठिकाणी उचलून धरते, दुसऱ्या ठिकाणी गिळते. एकाच हाताचं, एकाच दाबाचं काम, पण ऐकू येतं तुकड्यातुकड्यांनी. खोलीच्या बरोबर मध्यावर बसलं तर लांबीतले ४७ हर्ट्झ जवळपास नाहीसे होतात, भिंतीला पाठ टेकली तर तेच अंगावर येतात. दोन पावलांत वाद्य बदलतं. १२ फुटांच्या खोलीत मागच्या किंवा पुढच्या भिंतीपासून साडेचार फुटांवर खुर्ची ठेवून सुरुवात करावी, कारण तिथे पहिल्या दोन्ही लाटा ना शिखरावर असतात ना तळाशी.

खुर्ची आणि दोन स्पीकर यांचा समभुज त्रिकोण करावा, ट्वीटर, म्हणजे वरचे स्वर देणारा छोटा स्पीकर, कानाच्या उंचीवर, आणि दोन्ही अंतरं टेपने मोजावीत. अॅलन ब्लूमलीन यांनी १९३१ मध्ये स्टिरिओचं पेटंट मागितलं तेव्हापासून आपण ज्या चमत्काराला सरावलो आहोत तो या मोजण्यावर उभा आहे: गायक दोन स्पीकरच्या मधोमध बसलेला ऐकू येतो, आणि तिथे तर काहीच नसतं. दोन कानांवर आवाज येण्यातला सेकंदाच्या लाखाव्या भागाचा फरक मेंदूला जाणवतो. तेवढ्या वेळात ध्वनी साडेतीन मिलिमीटर जातो. ४४,१०० ठिपक्यांमधलं अंतर याच्या दुप्पट मोठं आहे, तरी मघाचा सिद्धांत सांगतो तसा ठिपक्यांच्या मधला क्षणही त्या रेषेत पक्का असतो, म्हणून आकड्यांच्या बाजूने गायक जागचा हलत नाही. तो हलतो एक स्पीकर दुसऱ्यापेक्षा बोटभर पुढे ठेवल्याने.

एवढं झालं की मग मोजण्याचा एक माइक आणावा. आरईडब्ल्यू नावाचं सॉफ्टवेअर फुकट आहे. ते खालपासून वरपर्यंत एक चढता सूर वाजवतं, माइक तो ऐकतो, आणि पडद्यावर तुमच्या खोलीचा आलेख उमटतो. ४७, ५६, ७३, भिंती मोजून कागदावर काढलेले आकडे तिथे डोंगरांसारखे उभे दिसतात, तेव्हा अंगावर काटा येतो. इक्वलायझरने हे डोंगर उतरवता येतात: ७३चा उंचवटा सहा डेसिबल असेल तर तिथे सहा डेसिबल कमी करायचे. दऱ्या मात्र भरता येत नाहीत. दरी म्हणजे सरळ आलेली लाट आणि परतलेली लाट एकमेकींना खोडत आहेत. जोर वाढवला तर दोघींचाही वाढतो आणि खोडणं तसंच चालू राहतं. अॅम्प तापतो, शंकू धापा टाकतो, कानावर काही येत नाही. तिथे खुर्ची सहा इंच पुढे घ्यायची, पुन्हा सूर चढवायचा, पुन्हा आलेख पाहायचा. दरी उथळ झाली असेल तर खुर्चीच्या पायांशी खडूने खूण करावी.